पिंपळगावला नेसलेला किल्ट

सटाणा,
रविवार, १८ जानेवारी २००९

प्रिय दादा,

पत्र बघून तुला वाटेल, हिला फोन करायला काय झालं होतं. पण फोनवर आपलं बोलणं कांद्याच्या भावापासून सुरू होतं आणि आईच्या गुडघ्यांवर येऊन संपतं. मध्येच मी दुसरं काही काढलं की तुला कुणीतरी हाक मारतं आणि तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस. म्हणून लिहायला बसले आहे. आज शाळेला सुट्टी. हे ओमला घेऊन बाजारात गेलेत, घर जरा शांत आहे.

यंदा इकडे थंडी अशी पडली आहे की सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. उन्हाळी कांद्याची लागण चालू आहे, त्यामुळे माझ्या वर्गात निम्मे बाक रिकामे. पोरं आईबापांबरोबर शेतात वाकलेली. यांची बदली यंदाही टळली. ओम पाढे म्हणताना बारावर अडकतो आणि मग मीच त्याला वर्गाबाहेर काढल्यासारखं माझ्याकडे बघतो. आपल्या मखमलाबादच्या मळ्यातला गुलाब कसा आहे? धुक्याने कळ्या काळ्या पडल्या असतील.

आता मुद्द्याचं लिहिते. मला तुला शहाण्णव सालच्या मे महिन्याबद्दल सांगायचं आहे. तू म्हणशील, झालं गेलं ते कशाला उकरतेस. पण दादा, ते कधी उकरलंच गेलं नाही. आपल्या घरात त्या विषयावर एवढ्या वर्षांत कुणी एक वाक्य बोललेलं नाही. बाहेरच्या कुणी विचारलं तर तू सांगतोस, पिंपळगावला एका लग्नात गुंडांनी हिला मारलं, तेव्हापासून हिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. गेल्या दिवाळीत यांच्या मोठ्या भावालाही तू तेच सांगितलंस. मी तेव्हा ताटं वाढत होते. वाढत राहिले.

सावळीराम मास्तरांकडे मी कशी पोचले ते तुला अर्धंच ठाऊक आहे. जयंतीसाठी नाशिकरोडच्या वसाहतीत हार पोचवायला अण्णांनी मला पाठवलं होतं. विहाराच्या मागच्या मैदानात एक म्हातारे गृहस्थ काखेत पिशवी दाबून पाइप वाजवत होते आणि समोर माझ्याएवढ्या मुली ओळीने उभ्या होत्या. मास्तर पलटणीच्या पाइप बँडात अख्खी नोकरी काढून निवृत्त झाले होते, आणि वसाहतीतल्या मुलींचा बँड उभा करायचा हे त्यांनी मनावर घेतलं होतं. मी हारांची टोपली खाली ठेवली आणि ऐकत उभी राहिले. त्यांची भाची संजना ओळीतून बाहेर आली आणि म्हणाली, "नुसती बघतेस काय, ये ना." मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. अण्णांना विचारलं तर ते फुलं खुडता खुडताच म्हणाले, दिवेलागणीच्या आत घरी येत जा. तू तोंड फिरवलंस. 'त्या वस्तीत कशाला' एवढंच म्हणालास. बाजा वाजवणं हे आपलं काम नाही, असंही आईला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

वर्षभर मी शिकले. पहिले कित्येक महिने नुसत्या हातभर नळीवर बोटं फिरवायची, मग पिशवी मिळाली. तिच्या तीन लांब नळ्या खांद्यावरून वर जातात आणि एकच सूर धरून राहतात. तिघी एकमेकींशी जुळल्या की छातीत काहीतरी भरून येतं. ते मला तुला कधी सांगता आलं नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

आणि मग किल्ट आले. देवळालीच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने पलटणीच्या जुन्या मापावरून ते शिवून दिले होते. तू त्याला त्या दिवशी घागरा म्हणालास, दुसरंही काही म्हणालास. तू तो नीट पाहिलाच नाहीस, म्हणून आज सांगते. जाड लोकरीचं, हिरव्या-निळ्या चौकड्यांचं कापड. समोर सपाट, मागे दाट चुण्या. तो वरून घालत नाहीत, नऊवारीसारखा अंगाभोवती गुंडाळून नेसतात, आणि कमरेला चामड्याच्या पट्ट्यांनी आवळतात. मास्तर म्हणायचे, बेंबीच्या खाली आणाल तर तो किल्ट नाही. नेसून झालं की आम्हाला गुडघ्यांवर बसायला लावायचे. किनार जमिनीला नुसती टेकली पाहिजे. दोन बोटं वर असेल तर परत शिंप्याकडे, घोळत असेल तरी परत. आतून गुडघ्यापर्यंत काळी जाड विजार. गुडघ्याच्या खालपासून घोट्यापर्यंत लोकरी मोजे. समोर चामड्याचा साधा बटवा, कारण किल्टला खिसा नसतो. खालच्या कोपऱ्यात एक पिन, ती फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर एकत्र टोचले तर चालताना कापड फाटतं. वर पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. केस टोपीखाली घट्ट. बांगडी नाही, कानात काही नाही, ओठांना रंग नाही.

आम्ही मुलीच होतो, आम्हाला हौस होती. संजनाने एकदा कानात लोंबते डूल घातले. मास्तरांनी हात पुढे केला, तिने ते काढून दिले, आणि सराव संपेपर्यंत ते मास्तरांच्या खिशात वाजत होते. नंतर त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. ते कधी ओरडत नसत. म्हणाले, "कपडा बोलायला लागला की पाइप कुणाला ऐकू येत नाही. बघणाऱ्याने एकदा बघावं आणि नंतर विसरून जावं, इतका साधा पाहिजे." कुणीतरी सुचवलं होतं की परदेशी लोक मोज्यात सुरी खोचतात, तशी आपणही खोचू. मास्तर म्हणाले, लग्नाला जाताना सुरी कशाला.

त्या एप्रिलच्या जयंतीला आम्ही पहिल्यांदा रस्त्यावर वाजवलं. दोन्ही बाजूंना माणसं आणि पुढे मास्तर. एका म्हातारीने संजनाच्या ढोलावर मूठभर फुलं टाकली. ती प्रत्येक ठोक्याला उडत होती. आमचे कपडे कुणाच्या लक्षातही नव्हते. अण्णा गर्दीत मागे उभे होते हे मला खूप नंतर कळलं.

पिंपळगाव बसवंतच्या लग्नाचं आमंत्रण त्यानंतरच आलं. नवरदेवाचे वडील द्राक्षांचे व्यापारी. त्यांनी कुठेतरी पाइप ऐकला होता आणि मुलाला मारुतीच्या दर्शनाला नेताना तोच वाजावा अशी त्यांची इच्छा होती. ठरवायला मात्र नवरदेवाचा मावसभाऊ आला, राज नावाचा, तिशीचा असेल. त्याने किल्ट पाहिले आणि हसला. मुलींना जरा नाचायला लावा म्हणाला, हे वीतभर वर घ्या, वर काहीतरी चमकीचं टाका, लोकांना मजा आली पाहिजे. मास्तर म्हणाले, "कपडा आहे तसाच राहील. वाजवलेलं ऐकायचं असेल तर येतो, नाहीतर दुसरा बँड बघा." राज गेला आणि त्याच्या काकांचा निरोप आला की आहे तसंच या. हे सगळं मी तुला यासाठी सांगते आहे की आमचे कपडे लांब ठेवायचे की आखूड, यावर त्या लग्नाच्या आधीच भांडण होऊन गेलं होतं, आणि ते आम्ही जिंकलो होतो. राजला ते सहन झालं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं होतं. नवरदेव घोड्यावर, पुढे आम्ही. द्राक्षांचा हंगाम संपला होता, रस्त्याच्या कडेच्या पॅकिंगच्या शेड बंद होत्या. नवरदेवाचे मित्र दुपारपासूनच प्यायलेले. त्यांनी आमच्याभोवती कडं केलं आणि आमच्या चालीची नक्कल करायला लागले. मास्तरांनी डोळ्यांनी खूण केली, वाजवत राहा. मग राजने घोडेवाल्याच्या हातातली काठी घेतली आणि तिच्या टोकाने संजनाच्या किल्टची किनार उचलायला लागला. ती मागे सरली. तो पुढे आला. बाकीचे मोठ्याने आकडे मोजायला लागले, तीनपर्यंत मोजून झालं की वर करायचं असा खेळ त्यांनी लावला होता. आमच्या ओळीच्या मागे लग्नातले मोठे लोक, बायका, मुलं होती. सगळ्यांना दिसत होतं.

मास्तरांनी पाइप थांबवला, मध्ये आले आणि काठीवर हात ठेवला. म्हणाले, "बाळा, लांब राहा. मुली काम करतायत." राजने काठी ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडावर मारली.

दात पडल्याचा आवाज येतो असं मला वाटायचं. येत नाही. मास्तर गुडघ्यांवर बसले, आम्हाला माप घेताना बसवायचे तसे, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एकदम लाल पट्टा उतरला. मग त्यांच्या बरगड्यांत लाथा बसायला लागल्या. संजनाने ढोलाच्या दोन्ही काठ्या एका माणसाच्या डोळ्यांवर मारल्या. कुणीतरी सोड्याची बाटली तिच्या कपाळावर फोडली. मी काय केलं ते नीट सांगते, कारण तेही तुला कुणी सांगितलेलं नाही. मी पाइपची सगळ्यात लांब नळी धरली आणि अख्खा पाइप फिरवून राजच्या नाकावर मारला. लाकूड मोडलं, त्याचं नाकही मोडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मागून कुणीतरी माझे केस धरले आणि मला खडीवरून ओढत नेलं. त्या ओढण्यात माझे गुडघे आणि हात सोलून निघाले. किल्ट मात्र जागचा हलला नाही. मास्तरांनी आवळायला शिकवला होता तसाच राहिला. घोड्यावरून नवरदेव ओरडत होता, "अरे बास करा, मुहूर्त टळेल." तेवढंच तो म्हणाला.

आम्हाला सोडवलं ते एका शेडवरच्या झाडूवाल्या बाईने. नवसाबाई तिचं नाव. तिने शटर अर्धं वर ओढलं आणि एकेकीला दंडाला धरून आत ढकललं. "आत व्हा पोरींनो, लय माजलेत हे," म्हणत ती स्वतः बाहेर राहिली आणि शटर खाली ओढून घेतलं. आत अंधार होता आणि सडलेल्या द्राक्षांचा आंबूस वास. संजनाच्या डोळ्यात रक्त उतरत होतं, मी तिच्या कपाळावर माझी टोपी दाबून धरली होती. बाहेर मुलं शटरवर लाथा मारत होती आणि मध्येच नवसाबाईचा आवाज यायचा. ती हातात विळा घेऊन उभी होती, हे नंतर बघणाऱ्यांनी सांगितलं. तिने कुणाला मारलं नाही. विळा दिसल्यावर कुणी पुढेही आलं नाही. मास्तरांना मात्र ती आत घेऊ शकली नव्हती. ते रस्त्यावरच पडून होते.

मग पोलीस आले आणि ठाण्यात नेऊन आम्हाला बाकावर बसवलं. मास्तरांना दवाखान्यात नेलं होतं, जबड्याचे दोन तुकडे झाले होते. साहेबांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, असले कपडे घालून गावात आल्यावर दुसरं काय होणार. संजना म्हणाली, आधी लिहून घ्या. कपाळाला फडकं बांधलेलं, त्यातून रक्त गळतंय, आणि ती एकच वाक्य म्हणत राहिली, आधी लिहून घ्या. अखेर त्यांनी लिहून घेतलं.

मग तू आलास. दादा, तुला दारात पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. तोपर्यंत मी रडले नव्हते. मला वाटलं, दादा आला, आता माझं कुणी काही करू शकत नाही. तू तुझा गळ्यातला टॉवेल काढून माझ्या गुडघ्यांवर टाकलास. मला वाटलं रक्त दिसू नये म्हणून.

तू मला मोटरसायकलवर घेतलंस. मी मागे बसून तुझा शर्ट धरला होता. घरी अंगणात गाडी लावलीस, मला उतरू दिलंस आणि मग विचारलंस, "काय घालून गेली होतीस?" मी अंगावरच्या कपड्यांकडे पाहिलं, कारण तेच होते, तुझ्या समोर होते. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात तुझा हात माझ्या डाव्या कानावर बसला.

पहिल्या तडाख्यानंतर तू काय बोलत होतास ते मला एकाच बाजूने ऐकू येत होतं. दुसऱ्या बाजूला शिट्टीसारखा आवाज होता. मी खाली पडले, तू पट्टा काढलास. अण्णा मध्ये आले तर तू त्यांना ढकललंस, ते हौदाच्या कडेला आपटले. आई दार लावून घेऊन आत रडत होती. पिंपळगावला मला किती लोकांनी मारलं ते मला सांगता येणार नाही, पण राज सोडला तर त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं, आणि त्यांना माझं माहीत नव्हतं. तू मारताना माझं नाव घेत होतास. 'रूपे, रूपे' म्हणत होतास, लहानपणी हाक मारायचास तसं. गुंडांनी मारलं म्हणून हिला ऐकू येत नाही, असं जे तू सांगतोस ना, त्यातला कान तुझ्या हाताने गेला आहे. डॉक्टरकडे मला आठ दिवसांनी नेलंत, तोवर आत पू झाला होता.

मग तू मला किल्ट सोडायला लावलास. वहिनीने मला तिची साडी गुंडाळली. तू तो पाण्याच्या चुलीत घातलास. लोकर लवकर पेटत नाही. तू खाली वाकून फुंकर मारत होतास, धुराने तुझे डोळे लाल झाले होते, आणि अंगणभर केस जळाल्यासारखा वास सुटला होता. वहिनी दारात उभी होती, दीड-दोन वर्षांची भागू तिच्या कडेवर. भागू किंचाळून रडत होती आणि वहिनी तिचा चेहरा स्वतःच्या खांद्याकडे वळवत होती. मला वाटतं त्या दिवशी अंगणात कुणीतरी कुणासाठी काही चांगलं केलं असेल तर तेवढंच.

त्याच हिवाळ्यात तुम्ही माझं लग्न करून दिलंत. हे भले निघाले, त्यात तुमचं काही श्रेय नाही, तो माझ्या नशिबाचा भाग. लग्नानंतर काही महिन्यांनी मी यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. तेव्हापासून घरात, बाजारात, एसटीत ते नेहमी त्याच बाजूला असतात. तुझ्या ते कधी लक्षात आलं नसेल.

कोर्टात साक्षीसाठी मला समन्स आलं होतं. तू सटाण्याला येऊन सासऱ्यांना सांगितलंस की घराण्याची अब्रू आहे, आणि मी गेले नाही. जाऊ दिलं नाही. संजना गेली. ती काय करून आली हे तुला कळलं पाहिजे. समोरच्या वकिलाने तिला विचारलं, तुमचा घागरा किती आखूड होता? ती त्या दिवशी पूर्ण वेषात आली होती, तोच सदरा, तेच मोजे, पिन वरच्या पदराला. तिने न्यायाधीशांची परवानगी मागितली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर आली आणि भर कोर्टात फरशीवर गुडघे टेकून बसली. किनार फरशीला टेकली होती. ती म्हणाली, "इतका होता साहेब. काठीने उचलल्याशिवाय वर जात नाही." राजला आणि आणखी एकाला शिक्षा झाली. बाकीचे सुटले.

मास्तरांचा जबडा सांधला, पण पुढचे दात गेले होते आणि ओठ एका बाजूने कायमचा लुळा पडला. पाइपची नळी ओठांत घट्ट धरावी लागते. त्यांना ती पुन्हा कधी धरता आली नाही. ते बोटांनी हवेत वाजवून मुलींना शिकवत. गेल्या वर्षी ते गेले, मी जाऊन आले. तुला सांगितलं नव्हतं. तिथे संजना भेटली. तिच्या कपाळावर भुवईपर्यंत वण आहे. ती आता नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत बँड शिकवते.

आता पत्र का लिहिलं ते. ती शाळा भागूची आहे. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी संजनाने तिची निवड केली, तिला ती माझी भाची आहे हे ठाऊकही नव्हतं. बुधवारी, संक्रांतीच्या दिवशी, भागू माप बघायला किल्ट नेसून आरशासमोर उभी राहिली आणि तू घरी आलास. पुढचं तुला मी सांगायची गरज नाही. फुलांच्या क्रेटची फळी होती ना हातात? तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. वहिनीने तुला सांगितलं की ती भागूला घेऊन माहेरी ओझरला जाते आहे. ती ओझरला गेली नाही. दोघी एसटीने इथे आल्या. परवा इथल्या सरकारी दवाखान्यात भागूच्या हाताला प्लास्टर घातलं. काल सकाळी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागे एक हवालदार बाई होत्या. त्यांनी भागूला खुर्ची दिली, तिच्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणी मारलं बाळा?" वहिनीने मान खाली घातली. मी सांगणार तेवढ्यात भागूने डाव्या हाताने मला थांबवलं आणि तुझं पूर्ण नाव सांगितलं, प्रफुल्ल बहिरू विधाते. बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, नातं काय? ती म्हणाली, पप्पा. तो कागद तुमच्या ठाण्यात पोचायला तीन-चार दिवस लागतील, त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून उद्या सकाळी टपालात टाकते. पोलीस दारात आल्यावर तुला कळावं, असं मला नको होतं. तू माझा भाऊ आहेस. दोघी इथेच राहतील, आईला सांग. न्यायला येऊ नकोस, हे दार उघडणार नाहीत आणि मीही उघडणार नाही. पोलीस विचारतील तेव्हा या वेळी खरं सांग.

तुझीच,
रूपाली